यहमूर म्हणजे नक्की कोणतं हरीण?



गेल्या उन्हाळ्यात पाराशा रएच्या शब्बाथला मशिदीतून घरी आलो (बेत कनेसेत म्हणायला पाहिजे, पण आमच्या पिढीच्या तोंडात मशीदच बसली आहे) आणि जेवायला बसताना नातवाने विचारलं, "साबा, यहमूर म्हणजे काय?" त्या पाराशात खाण्याला योग्य जनावरांची यादी येते, ती त्याने ऐकली होती. मी मोठ्या थाटात सांगून टाकलं, "सांबर. आपल्या कोकणात असतं ते." मुलाने मान हलवली आणि विषय संपला.

पण माझ्या डोक्यातून तो जाईना. सांबर कोकणातलं, तर ते मोशे रब्बेनूच्या यादीत कसं आलं? शब्बाथ सुटल्यावर मुलाला फोनवर यहमूरचा फोटो काढायला सांगितला, तर समोर आलं ठिपक्यांचं हरीण. हे सांबर मुळीच नव्हे. लहानपणी राणीच्या बागेत जाळीपलीकडे बघायचो त्या चितळाचाच भाऊ वाटला. म्हणजे मी नातवाला चुकीचं सांगितलं होतं. मग वाचलं, लोकांना विचारलं, कार्मेलवर जाऊन आलो, पुढे गालीलमध्येही जाऊन आलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो. आपल्यातल्या पुष्कळांनी आपापल्या नातवंडांना माझ्यासारखंच काहीतरी ठोकून दिलं असणार!

आधी नावांचा घोळ. तोरेत देवारीमच्या १४ व्या अध्यायात रानातल्या सात जनावरांची नावं आहेत. त्यातली पहिली तीन अय्याल, त्स्वी आणि यहमूर. मराठीत आपण तिघांनाही सरळ हरीण म्हणून मोकळे होतो. पण त्स्वी म्हणजे ते सडपातळ, चपळ जनावर, जे यरुशलेमच्या हरणांच्या दरीत, एमेक हत्स्वाईममध्ये, शहराच्या मधोमध चरताना दिसतं. ते आपल्याकडच्या चिंकाऱ्याच्या जातीचं. त्याची शिंगं जन्मभर टिकतात, कधी गळत नाहीत. अय्याल हे नाव आज कार्मेलच्या छोट्या हरणाला देतात, अय्याल हकार्मेल. तेही इथून नाहीसं झालं होतं, युरोपातून आणून पुन्हा वाढवलं आहे. शिंगं वीतभर, मोठ्या वयात अंगावर ठिपका नाही, बांधा आपल्या भेकरासारखा लहान. आणि यहमूर हे तिसरं, आपलं आजचं.

या घोळाला मी एकटाच फसलेलो नाही. एकोणिसाव्या शतकात कार्मेलवरचे अरब त्या छोट्या हरणालाच यहमूर म्हणत, त्यामुळे भले भले पंडितसुद्धा तोरेतला यहमूर तोच असं धरून चालले होते. यहमूर शब्दाच्या मुळाशी तांबडेपणा आहे. अरबीत अहमर म्हणजे तांबडा, तसंच. ठिपक्यांच्या या हरणाचा उन्हाळ्यातला रंग पाहिला की नाव कुठून आलं ते कोणी सांगावं लागत नाही.

शलोमो राजाच्या रोजच्या जेवणाचा हिशोब मलाखीम अलेफच्या ५ व्या अध्यायात दिला आहे. (ख्रिस्ती छपाईच्या पुस्तकांत हाच भाग ४ थ्या अध्यायात सापडतो, शोधताना गोंधळू नका.) तिथे बैल आणि मेंढरं सांगून झाल्यावर अय्याल, त्स्वी आणि यहमूर ही तिन्ही नावं त्याच क्रमाने आली आहेत. म्हणजे राजाच्या घरी रोज लागेल इतकं हे जनावर या देशात तेव्हा होतं. खूर दुभंगलेले, रवंथ करणारं, म्हणून कोशेर. फक्त रानातलं जनावर असल्यामुळे कापल्यावर त्याचं रक्त मातीने झाकायचं, कोंबडीचं झाकतात तसं. आणि कापायचं म्हणजे हाजानने नियमाप्रमाणे सुरीने. बंदुकीने मारलेलं हरीण आपल्याला चालत नाही. माझे आजोबा सांगायचे, गावात कोणी शिकार करून आणली तर शेजारी प्रेमाने वाटा पाठवीत आणि आमची आजी तितक्याच प्रेमाने तो परत पाठवी.

आता रूप. यहमूर चितळापेक्षा जरा भरदार. नर शंभर किलोच्या आसपास जातो, मादी बरीच हलकी. उन्हाळ्यात अंग तांबूस, त्यावर पांढरे ठिपके, आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना ठिपके इतके जवळ जवळ की लांबून ओळ काढल्यासारखे वाटतात. पोट आणि पायांची आतली बाजू फिकट. इथपर्यंत चितळच. पण दोन मोठे फरक आहेत.

पहिला फरक ठिपक्यांचा. चितळाचे ठिपके बारा महिने तसेच असतात. यहमूर मात्र थंडीत कपडे बदलतो. अंगावर दाट, करडी-तपकिरी लव येते आणि ठिपके पुसल्यासारखे होतात. या गोष्टीने माझी कशी फजिती केली ते पुढे सांगतो.

दुसरा फरक शिंगांचा. चितळाची शिंगं गोल काठीसारखी, तीन टोकांची. यहमूरची शिंगं चपटी. युरोपात याचा एक चुलतभाऊ आहे, त्याची शिंगं वरच्या टोकाला पंजा पसरावा तशी रुंद होतात. आपल्या यहमूरची खालच्या भागातच चपटी होतात आणि वर गेल्यावर तितकी पसरत नाहीत. मादीला शिंगं नसतातच.

इथे शोफारचा दाखला देतो म्हणजे पटकन कळेल. मेंढ्याचं शिंग आतून पोकळ असतं. हाडावर बसवलेली टोपी म्हणा ना. ती काढली, टोक कापलं की शोफार होतो. हरणाचं शिंग आत पोकळ नाही, सगळं भरीव हाड. त्यातून फुंकर जायची कुठून? म्हणून हरणाच्या शिंगाचा शोफार होत नाही. आणि हे हाड दर वर्षी मुळापासून गळून पडतं आणि नवीन उगवतं. चार-पाच महिन्यांत एवढं हाड उगवणं म्हणजे काय खाऊ आहे? माझा खुब्याजवळचा सांधा मोडला तो जुळायला किती महिने गेले ते मला विचारा.

यहमूरचं वर्ष मी आपल्या सणांवर बसवून पाहिलं, आणि ते असं चपखल बसलं की मलाच मौज वाटली. थोडं मागेपुढे होतं, पण लक्षात ठेवायला सोपं.

होळीच्या सणाच्या सुमाराला, म्हणजे पुरीमच्या आसपास, नराची जुनी शिंगं पडतात. नर काही दिवस बोडका फिरतो आणि जरा लाजल्यासारखा झाडीत राहतो. लगेच नवीन शिंगं फुटू लागतात. वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते, त्यात रक्त खेळत असतं, हात लावला तर गरम लागतील. त्या दिवसांत शिंग नाजूक असतं, नर ते कुठे आपटू देत नाही.

अनाशी ढाकायच्या सणाला, पेसाहच्या दिवसांत, माद्या वितात. एका मादीला एकच पाडस. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो हे आपल्याला आता अंगवळणी पडलं आहे. निसान महिन्यात गवत कमरेएवढं आणि हिरवंगार असतं, त्यामुळे आईला दूध भरपूर. पहिले काही दिवस पाडस झुडपात गपचूप पडून राहतं. अंगाला वास जवळजवळ नाही, अंगावर ठिपके, उन्हाच्या कवडशात ते दिसतसुद्धा नाही. आई लांब चरत असते आणि दूध पाजायला तेवढी येते. एकटं पाडस दिसलं की लोकांना वाटतं, बिचारं हरवलं, उचलून घरी न्यावं. हरवलेलं नसतं. त्याला हात लावू नये, आपण तिथून निघून जावं.

पेसाह संपतो, पाऊस थांबतो आणि डोंगर पिवळे पडतात. कोकणात जूनला सगळं हिरवं होतं, इथे जूनला सगळं वाळतं. मी १९६० च्या दशकात आलो तेव्हा या उलट्या ऋतूंची सवय व्हायला मला काही वर्षं लागली. यहमूर अशा वेळी गवत सोडून झाडपाल्यावर येतो. अल्लोन म्हणजे इथला ओक, एला आणि अशाच झुडपांची पानं खातो. दुपारी दाट सावलीत बसून रवंथ करायचं आणि पहाटे, संध्याकाळी चरायला निघायचं. त्या दिवसांत पाणी जवळ लागतंच. तेहिल्लीमच्या ४२ व्या अध्यायातलं पाण्यासाठी आसुसलेलं हरीण कुठल्या ऋतूतलं असेल, ते इथला ऑगस्ट काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

बिरड्याच्या सणाच्या मागेपुढे, तिशा बेआवच्या दिवसांत, शिंगं पुरी वाढून कडक होतात. वरची मखमल सुकते आणि नर झाडांच्या खोडावर घासून ती उतरवतो. तेव्हा ती फाटक्या चिंध्यांसारखी शिंगांवरून लोंबते. दिसायला ओंगळ दिसतं, पण खाली नवंकोरं शिंग असतं.

आणि एलूल लागला की नरांचा हंगाम सुरू होतो. एरवी नर वेगळे राहतात आणि माद्या-पाडसांची छोटी टोळी वेगळी. आता प्रत्येक मोठा नर एक जागा धरतो, खुरांनी माती उकरतो, फांद्यांवर शिंगं आपटतो आणि घशातून घोरल्यासारखा आवाज काढत राहतो. दुसरा नर आला की शिंगाला शिंग. या काळात त्याला खाण्यापिण्याची शुद्ध नसते, पार वाळतो. इकडे आपण सलीहोतला पहाटे उठून चाललेलो असतो, तिकडे रानात हे चाललेलं असतं. नव्याचा सण आणि दारफाळणीचा सण येईपर्यंत गडबड ओसरते. मादी साडेसात महिने पोटात वाढवते, म्हणजे पुन्हा पेसाह. मग पहिला पाऊस येतो, झाडांखाली अल्लोनची फळं पडतात, आणि थकलेले नर ती खाऊन पुन्हा अंग धरतात.

चितळाचं असं वेळापत्रक नसतं. राणीच्या बागेत एकाच दिवशी एका नराची शिंगं मखमली आणि दुसऱ्याची कडक दिसायची. तिथे बारा महिने खायला असतं, म्हणून चालतं. इथे चुकीच्या महिन्यात जन्मलेलं पाडस जगणं कठीण.

हे जनावर इथलं किती जुनं, याचा पुरावा कार्मेलच्या गुहांत आहे. हैफाच्या दक्षिणेला नहाल मेआरोत म्हणून जागा आहे, २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. १९३० च्या सुमाराला तिथे खोदकाम झालं तेव्हा आदिमानवांनी खाल्लेल्या जनावरांच्या हाडांचे ढीग निघाले. डोरोथिया बेट नावाच्या इंग्रज बाईंनी ती हाडं वेगळी करून मोजली. काही थरांत यहमूरची हाडं जास्त, काही थरांत त्स्वीची. यहमूरला झाडी लागते, त्स्वीला उघडं माळरान चालतं. त्यावरून कोणत्या काळात ओलावा होता आणि कोणत्या काळात कोरडं होतं, असा अंदाज त्यांनी १९३७ मध्ये मांडला. नुसत्या हाडांवरून हवामान सांगायचं ही कल्पना त्या वेळी नवीन होती. पुढे त्यांच्या अंदाजावर शंका घेतल्या गेल्या, पण बाईंची चिकाटी बघा!

इतकं जुनं जनावर, पण जंगलं तुटली, बंदुका आल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत यहमूर या देशातून गेला. इराक, सिरिया सगळीकडून गेला. १९४० नंतर तर जगातूनच संपला असं धरलं होतं. मग १९५६-५७ मध्ये इराणच्या खुझिस्तान भागात देझ आणि कर्खेह नद्यांच्या काठच्या दाट झाडीत थोडेसे सापडले. काही डझन असतील नसतील. त्यातले काही जर्मनीत क्रोनबर्गच्या प्राणिबागेत गेले, काही इराणनेच राखीव रानात सांभाळले.

इस्रायलमध्ये त्या वेळी राखीव रानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचे प्रमुख होते अव्राहाम योफे. हे मूळचे लष्करातले. १९५६ च्या युद्धात सिनाईतून शर्म अल-शेखपर्यंत ब्रिगेड घेऊन गेले तेच. त्यांनी ठरवलं की तनाखातली जनावरं या मातीत पुन्हा आणायची. जर्मनीहून थोडे यहमूर आले, पण माद्या कमी. इराणच्या शाहच्या राज्यात आपले संबंध बरे होते, तिथून माद्या मिळवायचं बोलणं चाललं होतं आणि तेवढ्यात क्रांती पेटली. तेहरानहून ज्यू कुटुंबं मिळेल त्या विमानाने निघत होती. १९७८ च्या डिसेंबरमध्ये, त्याच धामधुमीत, चार माद्या इस्रायलला पोचल्या. काही आठवड्यांनी शाहने देश सोडला आणि तो दरवाजा बंद झाला. या प्रवासाची गोष्ट लोक तिखटमीठ लावून निरनिराळ्या तऱ्हांनी सांगतात, त्यात मी पडत नाही. चार माद्या आल्या एवढं पक्कं.

त्यांना कार्मेलवर हैफा विद्यापीठाच्या पलीकडे हाय-बारमध्ये ठेवलं. हाय-बार म्हणजे कुंपण घातलेलं रान, पिंजरा नव्हे. तिथे त्यांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. रानात सोडण्याइतका कळप व्हायला अठरा वर्षं लागली. १९९६ पासून पश्चिम गालीलच्या नहाल कझीवमध्ये त्यांना थोडे थोडे करून सोडू लागले, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून. २००५ पासून यरुशलेमच्या डोंगरात नहाल सोरेकला, तिथल्या प्राणिबागेत वाढलेले यहमूर सोडले.

आता माझी फजिती. गेल्या हिवाळ्यात, हनुक्का होऊन गेल्यावर, आमच्या ज्येष्ठांच्या क्लबची सहल गोरेनच्या रानात गेली. तिथून नहाल कझीवची दरी आणि समोरचा मोंफोर किल्ला दिसतो, आणि मुख्य म्हणजे गाडी जवळपर्यंत जाते, गुडघ्यांना त्रास नाही. संध्याकाळी परत निघताना झाडीच्या कडेला एक करडं जनावर उभं दिसलं, गळ्यात पट्टा. मी म्हटलं, हे कुणाचं तरी पाळलेलं असणार. ठिपका एक नाही, मग यहमूर कसला! पिशवीत सकाळचा पाव उरला होता, तो काढून हाक मारत पुढे गेलो. राखणदार मुलगा धावत आला. ओरडला नाही, पण माझा हात धरला. म्हणाला, "साबा, बेवाकाशा, नको. ही यहमूर आहे. थंडीत ठिपके दिसत नाहीत."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून पाव हातातच राहिला. यरुशलेमच्या प्राणिबागेत रोज माणसं बघत वाढलेले यहमूर आणि कार्मेलच्या हाय-बारमध्ये माणसांपासून लांब वाढलेले यहमूर, यांचा अभ्यासकांनी पाठलाग करून हिशोब ठेवला. रानात सोडल्यावर कार्मेलचे जास्त टिकले. प्राणिबागेतल्यांना माणसाची भीती राहिली नव्हती, चाहूल लागली तरी पळायचं सुचत नव्हतं, आणि त्यांतले बरेच गेले. "तुम्ही पाव द्याल," तो म्हणाला, "उद्या ती दुसऱ्या माणसाजवळ जाईल. त्याच्याबरोबर कुत्रा असेल." भटकी कुत्री, रस्त्यावरच्या गाड्या आणि चोरून शिकार करणारे, ही त्यांची मोठी संकटं. माझ्या मायेनेही ती मरू शकली असती, हे मला त्याआधी कधी सुचलं नव्हतं. एवढं बोलणं होईपर्यंत ती मादी झाडीत गेली होती.

ज्यांना नुसतं बघायचं आहे त्यांच्यासाठी यरुशलेमची प्राणिबाग आणि कार्मेलचं हाय-बार बरं. हाय-बार रोज उघडं नसतं, आधी फोन करून विचारा. रानात बघायचं असेल तर पहाटे किंवा सूर्य बुडताना जा, गाडीचं इंजिन बंद करा, बोलू नका. आपल्या मंडळींना हे शेवटचं अवघड जाईल, ठाऊक आहे! आणि डब्यातली चपाती डब्यातच ठेवा.

नातवाला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्या चार जणीपण ओला हदाशा." या एलूलमध्ये त्याला घेऊन पुन्हा गोरेनला जायचं ठरलं आहे, नराचा आवाज ऐकायला. आवाज खोल आणि खरखरीत असतो, माझ्या कानांना तो लागतो की नाही कुणास ठाऊक. कानातल्या मशीनला नवीन बॅटरी घालून ठेवली आहे.